चर्नी रोडचं ऑपेरा हाऊस: पावसाने पोखरलेलं, चुन्याने सावरलेलं

बसमध्ये ‘ऑपेरा हाऊस’ असा पुकारा झाला की उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना पंचरत्न इमारतीतले हिरे व्यापारी गाठायचे असतात, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. ज्या नाट्यगृहाच्या वास्तूवरून मुंबईतल्या या सगळ्या परिसराला हे नाव पडलं ती मॅथ्यू रोडला उभी आहे आणि १९९३ ते २०१६ इतका काळ ती प्रेक्षकांना बंद होती. तिच्या सनावळ्या बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात. ती तशी का बांधली, मध्येच का मोडली-जोडली आणि पुन्हा उभी करायला इतकी वर्षं का लागली, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. मत आधीच सांगून टाकतो: सिनेमाने या इमारतीला वाकवलं, पण तिचा जीव घ्यायला निघाले होते ते बंद दार आणि मुंबईचा पाऊस.

मुंबईत नाट्यगृहं त्याआधीही होती. १७७६ साली बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आज हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात, इंग्रजांनी वर्गणी काढून थिएटर बांधलं. ते कर्जात बुडालं आणि १८३५ साली विकलं गेलं. मग नाना शंकरशेटांनी ग्रँट रोडला जागा दिली आणि १८४६ साली तिथे नवं थिएटर उघडलं. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली त्या रंगमंचावर मराठी नाटक केलं, त्याच वर्षी पारशी मंडळींचे खेळही तिथे सुरू झाले. ग्रँट रोड, पिला हाऊस, गिरगाव या पट्ट्यात नाटकाचा धंदा रुजला तो तेव्हापासून. ऑपेरा हाऊसने तीच पेठ निवडली.

इमारतीची कल्पना १९०८ च्या सुमाराची आणि दोघांची. मॉरिस बँडमन हा कलकत्त्याहून कारभार हाकणारा थिएटर-व्यावसायिक. त्याच्या मंडळ्या बोटीने भूमध्य समुद्रापासून पार जपानपर्यंत बंदराबंदरांतून खेळ करत जायच्या. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीतले बडे व्यापारी. पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईत आले, त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकलं तेव्हा काम चालूच होतं. ‘रॉयल’ हे बिरुद त्यातूनच आलं. बांधकाम पुरं व्हायला १९१२ साल उजाडलं आणि किरकोळ भर तर १९१५ पर्यंत पडत राहिली.

घाट बरोक पद्धतीचा: दर्शनी भागावर त्रिकोणी माथा, भरपूर उठावाची नक्षी, आत सोनेरी मुलामा. स्टॉलच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्यांच्या, मागे २६ बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांसाठी वेगळे काढलेले छोटे कप्पे, होते आणि रंगमंच सगळ्यात चांगला तिथून दिसतो असं तेव्हा मानत. दिवाणखान्यासारख्या प्रशस्त फॉयरमधली, म्हणजे प्रवेशदालनातली, झुंबरं ससून कुटुंबाने दिलेली. भायखळ्याच्या ‘सां सूसी’ या त्यांच्या बंगल्यातली. तो बंगला म्हणजे आजचं मसिना हॉस्पिटल. प्रेक्षागृहावरचा घुमट आठ भागांत विभागलेला आहे आणि तो जगातल्या कवी-नाटककारांना मानवंदना म्हणून सजवलेला आहे.

हे माइक नसलेल्या काळातलं नाट्यगृह आहे, एवढं ध्यानात ठेवलं की आतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. माणसाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर प्रेक्षागृह खोल करून चालत नाही. म्हणून माणसं मागे न सरकवता वर चढवतात: खाली स्टॉल, वर बाल्कनी, त्याच्या वर गॅलरी. समोरासमोरच्या भिंती सपाट ठेवल्या तर आवाज दोन्हींमध्ये थडकत राहतो आणि टाळीचीही थरथर ऐकू येते. बॉक्सचे कोनाडे, कठडे, खांब आणि गिलाव्यातली नक्षी आवाज विखरून टाकतात. घुमटाचं दुखणं निराळं. पोकळ गोलाई आवाज एका जागी गोळा करते आणि नेमक्या त्या जागी बसलेल्या माणसाला शब्द दोनदा ऐकू येतात. घुमट उथळ ठेवला, त्याचे भाग पाडले, त्यावर पट्ट्या आणि उठाव दिले की हा दोष बराचसा निघतो. गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा, असंच इथलं छत आखलेलं होतं.

आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजता येतं. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे विरामकाळ; तो ऑपेराला दीड सेकंदाच्या आसपास बरा, गद्य नाटकाला एक सेकंद, सिनेमाला त्याहूनही कमी. संगीत नाटकाची गोची अशी की एकाच प्रवेशात संवादही असतो आणि पदही. सव्वा सेकंदाचं सभागृह त्याला सगळ्यात मानवतं, असं माझं मत. हिशेब अगदी सोपा आहे: सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने, म्हणजे आवाज गिळणाऱ्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरने, भागायचं. समजा घनफळ ५,००० आहे आणि भरल्या घरातलं शोषण ६४०, उत्तर १.२५ सेकंद. खुर्चीत बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो. ५७५ माणसं उठून गेली आणि खाली उघड्या लाकडी खुर्च्या राहिल्या तर त्याच सभागृहाचा विरामकाळ दोन सेकंदांच्या वर जातो. रिकाम्या थिएटरात तालीम करून आवाज बेतणारी मंडळी प्रयोगाला फसतात ती इथे. उपाय म्हणजे रिकामी असतानाही माणसाइतकंच शोषण देणारी गादीची खुर्ची. खुर्च्या निवडताना कापडाच्या रंगाआधी हा आकडा विचारावा.

बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, ज्योत्स्ना भोळे ही सगळी नावं या रंगमंचाशी जोडलेली आहेत. ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढच्या खड्ड्यात, गायक नटाची साथीदारांशी नजरानजर, आणि समोरून वन्समोर. युरोपच्या ऑर्केस्ट्रासाठी खणलेला तो खड्डा आपल्या संगीत नाटकालाही अगदी चपखल बसला.

मग सिनेमा आला. १९१७ पासून इथे नाटकांबरोबर मूकपट दाखवले जात होते आणि तेवढ्यासाठी इमारतीला हात लावावा लागत नव्हता: पडदा टांगला, प्रोजेक्टर मागे ठेवला, खड्ड्यात वादक बसले. खरा फरक पडला तो बोलपटाने. १९३५ साली आयडियल पिक्चर्सने इमारत घेतली आणि सिनेमाच्या सोयीने तिच्यात फेरफार केले. अशा थिएटरांत काय काय बदलतं आणि का, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी बॉक्स निरुपयोगी होतात. नाटकाला खोली असते, त्यामुळे कडेच्या बॉक्समधून नट तिरका दिसला तरी बिघडत नाही. पडदा सपाट, कडेने पाहिलं की त्यावरचा माणूस दबून काठीसारखा दिसतो. त्या जागांचं तिकीट जात नाही, म्हणून मालक बॉक्स काढून सरळ समोर बघणाऱ्या खुर्च्या वाढवतो. पाठोपाठ ऑर्केस्ट्राचा खड्डा जातो. आवाज लाउडस्पीकरमधून येणार, मग वादकांची गरज काय? खड्ड्यावर फळ्या टाकून वर आणखी रांगा बसतात. भिंतींवर आवाज शोषणारं अस्तर चढतं, कारण पूर्वी जो घुमाव गाण्याला फुलवायचा तोच आता स्पीकरचे शब्द पुसून टाकतो. आणि मागच्या बाजूला प्रोजेक्टरची खोली उभी राहते.

ही खोली जुन्या थिएटरात दिसली तर जरा थांबून बघावी. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटगृहांना परवाना सक्तीचा केला, त्यामागे आगीची ही भीती होती. खोलीच्या भिंती जाड, दार प्रेक्षागृहाच्या बाजूला नाही, धूर बाहेर काढणारं धुराडं, आणि प्रोजेक्टरच्या चौकोनी भोकांवर पोलादी झडपा. झडप साखळीने वर धरलेली असायची आणि साखळीत एक कडी कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची. आग लागली की कडी वितळायची आणि झडप आपल्याच वजनाने धाडकन खाली यायची. पुढे न पेटणारी फिल्म आली. बहुतेक ठिकाणी झडपा भंगारात गेल्या, पण त्यांच्या खाचा भिंतीत अजून सापडतात.

पृथ्वीराज कपूर यांच्या मंडळीने इथे नाटकं केली ती सकाळच्या वेळी, कारण पुढचा दिवस सिनेमाच्या खेळांना बांधलेला. सेट लावायचा, नाटक करायचं, सेट उतरवायचा आणि पडदा मोकळा करून द्यायचा. रंगमंचाची कड इतक्या वेळा ठोकली-उचकटली गेली की लाकूड झिजतंच.

१९५२ साली गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली. पुढची चाळीस वर्षं ती सिनेमागृह म्हणूनच लोकांना ठाऊक होती. घरोघरी व्हिडिओ आला, १९९० नंतर केबल आली, एका पडद्याच्या थिएटरांचं गणित कोलमडलं. १९९३ साली दारं बंद झाली.

बंद इमारतीत काय होतं ते आता सविस्तर सांगतो, कारण मुंबईतल्या कुठल्याही जुन्या नाट्यगृहाला हे लागू आहे. जून ते सप्टेंबर इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चालू थिएटरात छत गळलं की त्याच रात्री कोणाच्या तरी डोक्यावर पडतं, तक्रार होते, माणूस वर चढतो. बंद थिएटरात तक्रार करायला कोणी नाही. पन्हळीत कबुतराची पिसं, पिंपळाची पानं आणि माती साचते. पाणी पाइपात न जाता पन्हळीच्या मागच्या काठावरून भिंतीत उतरतं. छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं, म्हणजे कैचीचं, टोक भिंतीत बसवलेलं असतं, तिथे हवा लागत नाही, म्हणून कैची सडते ती नेमकी तिथे. मधला भाग ठणठणीत वाजतो आणि टोकात पेचकस मुठीपर्यंत जातो. टोक बसलं की छत खचतं, कौलं सरकतात, आणि नवीन वाट सापडलेलं पाणी आतल्या नक्षीच्या छतावर येतं.

पोलादी तुळ्यांचं तंत्र आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. गिलाव्यात किंवा विटेत दाबलेली तुळई गंजली की भोवतालचा भाग उचलला जातो आणि आडवी, सरळ रेषेत तडा पडते. अशी सरळ तडा दिसली की तिच्यामागे लोखंड आहे असं धरूनच चालावं. वरून लांबी (पुट्टी) भरून काही होत नाही. पिंपळाचंही तसंच. फांदी छाटली की मूळ आणखी जोमाने आत घुसतं. भोवतीची वीट काढून मूळ खणायचं, उरलेल्या भागाला मारक औषध भरायचं आणि पोकळी चुन्याने भरून काढायची. एवढं केलं तरच ते मरतं.

आणि मग डागडुजीला येतं सिमेंट. जुनी वीट आणि चुना श्वास घेतात, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडू देतात. वरून सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल अडकते, वाट शोधत वर चढते, आणि सुकताना क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठतात. विटेचा भुगा होत जातो आणि सिमेंटचा पापुद्रा मात्र शाबूत दिसतो. ठोकून बघितलं की पोकळ आवाज येतो. आमच्या शहरातल्या कित्येक देखण्या इमारतींचं असं नुकसान झालंय, आणि ते दुरुस्तीच्या नावाखाली झालंय, याचं फार वाईट वाटतं.

जागतिक स्मारक निधीने २०१२ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाऊसचं नाव घातलं. संवर्धनाचं काम आभा नारायण लांबा यांच्या चमूने केलं. आधी इमारत सावरली, मग जुने फोटो आणि भिंतीवरच्या खुणा ताडून बॉक्स, ऑर्केस्ट्राचा खड्डा, रंगीत काचा आणि रंगसंगती परत आणली. ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं उघडली आणि मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. २०१७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. आता बैठक सुमारे ५७५ जणांची आहे.

अशा कामाचा क्रम चुकला की सगळं वाया जातं. आधी छत, मग पन्हळी आणि पाइप, मग कैच्या-तुळ्या, मग भिंत सुकवणं, त्यानंतर गिलावा, वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. पैसे देणाऱ्याला रंग आधी हवा असतो, कारण तो दिसतो. भिंत सुकण्याचा जुना ठोकताळा जाडीच्या दर इंचाला एक महिना. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकत असेल तर नऊ महिने. त्यात मुंबईचे पावसाळी चार महिने जमेस धरू नयेत. याआधी रंग चढवला की पहिल्याच वर्षी पोपडे.

चुन्याचा गिलावा घाईला दाद देत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवून मुरवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. नीट न विझलेला खडा आत राहिला तर तो महिन्यांनी भिंतीतच फुगून फोड उठवतो, म्हणून चाळणीतून गाळल्याशिवाय वापरू नये. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, दहा-बारा मिलिमीटरचा एक थर. दुसरा थर देण्याआधी पहिल्यावर नखाचा ओरखडा उठत नाही ना, ते बघायचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून चुना घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते. उन्हाने एकदम सुकला तर भुसभुशीत राहतो. म्हणून ओलं गोणपाट लावून ठेवतात.

मूळ रंग शोधायची रीत फार सुंदर आहे. शस्त्रक्रियेच्या पात्याने भिंतीवर पायरी-पायरीने छोटे चौकोन खरवडायचे, प्रत्येक पायरीत एकच थर उघडा. वरती ऑइल पेंट, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याचे हात, आणि तळाशी गिलाव्याला चिकटलेला पहिला रंग. उजेडात विटलेला भाग फसवतो, म्हणून दिव्याच्या पाटीमागे किंवा कोपऱ्यात दाराच्या चौकटीआड नमुना घ्यायचा.

रंगीत काचेत आधी शिसं थकतं. शिशाच्या पट्ट्या उन्हाने पसरून-आकसून थकतात आणि तावदान पोटाशी फुगतं. ते दाबून सरळ करायला गेलं की काच फुटते. आधी वर कागद ठेवून मेणाच्या खडूने शिशाच्या रेघांचा ठसा घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, फोटो काढायचा, मग तावदान उतरवून आडवं ठेवायचं. काच धुवायला ऊर्ध्वपातित पाणी आणि कापसाचा बोळा. आम्ल अजिबात नको, कारण भाजून चढवलेली रंगाची रेघ त्याने निघून जाते. झुंबराचंही पहिलं काम क्रमांक घालण्याचं. लोलकांना धरणाऱ्या पितळी टाचण्या झिजलेल्या असतात, त्या सगळ्याच्या सगळ्या बदलाव्या लागतात, आणि झुंबर परत चढवण्याआधी छतातल्या हुकावर जास्तीचं वजन टांगून भार तपासतात.

प्रयोगाला गेलात तर लवकर पोचा. स्टॉलमध्ये मध्यावर उभं राहून घुमटाचे आठही भाग नीट मोजता येतात. बाल्कनीतून बॉक्सचा कठडा आणि रंगमंचाची चौकट एका रेषेत दिसतात. माइक नसलेलं गाणं असेल तर खालच्या पहिल्या रांगांपेक्षा बाल्कनीच्या पुढच्या रांगेत बसावं. छतावरून परतलेला आवाज तिथे छान मिसळतो. बाल्कनीच्या छपराखालच्या, स्टॉलमधल्या अगदी मागच्या रांगा टाळाव्यात. तिथे घुमटाचा आवाज पोचत नाही.

ज्यांच्या ताब्यात गिरगाव-दादर-परळमधली जुनी सभागृहं आहेत त्यांच्यासाठी एवढंच: मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, तेव्हा १५ मेच्या आत पन्हळी हाताने साफ करून घ्या. प्रत्येक पन्हळीत एकेक बादली पाणी ओता आणि खाली पाइपाच्या तोंडाशी माणूस उभा करा. पाणी अर्ध्या मिनिटात आलं नाही तर पाइप तुंबला आहे. फुटलेली कौलं मोजून तेवढी आणि वर दहा टक्के जास्तीची आणून ठेवा. छताखालच्या पोकळीत टॉर्च घेऊन भर दुपारी जा आणि आत गेल्यावर टॉर्च विझवा: जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. खडूने खूण करा आणि त्याच आठवड्यात कौलं शाकारणारा माणूस बोलवा.